पावगडचे सूर्यक्षेत्र

कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याचा पावगड तालुका नकाशात पाहिला, तर तो आपल्या राज्यापासून निसटून शेजारच्या आंध्र प्रदेशात शिरल्यासारखा दिसतो. तीन बाजूंना आंध्रची हद्द आणि पश्चिमेकडे चित्रदुर्ग जिल्ह्याशी जेमतेम संबंध, अशी त्याची स्थिती आहे. येथील माणसे कन्नडइतक्याच सहजतेने तेलुगू बोलतात. डोंगरावर पाळेगारांच्या काळचा किल्ला आहे. खाली दगडगोट्यांनी भरलेली तांबडी जमीन आहे आणि या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या भरवशावर भुईमूग पिकवला जात असे. पाऊस मात्र भरवशाचा नव्हता. वारंवार दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर होणाऱ्या तालुक्यांत पावगडचे नाव नेहमी असे. विहिरी आटल्या, म्हणून विंधनविहिरी खणल्या. त्या जितक्या खोल गेल्या तितके पाण्यातील फ्लोराइड वाढले आणि माणसांचे दात व हाडे त्याची साक्ष देऊ लागली. पेरणी फसली की तरुण माणसे सुमारे १८० किलोमीटरांवरील बंगळूरची वाट धरीत.

या तालुक्यात एक गोष्ट मात्र विपुल होती, आणि तिचा आजवर कोणास उपयोग नव्हता. ती म्हणजे ऊन. तिरुमणी, वल्लूर, बळसमुद्र, क्यातगनचेर्लू आणि रायचेर्लू या पाच गावांच्या शिवारांत सुमारे १३,००० एकरांवर आज २,०५० मेगावॅट क्षमतेचे सौर विद्युत केंद्र उभे आहे. त्याच्या पहिल्या टप्प्याचे उद्‌घाटन १ मार्च २०१८ रोजी झाले आणि २०१९ च्या अखेरीस ते जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालू लागले. जगातील मोठ्या सौर केंद्रांत त्याची गणना होते. तथापि पावगडचे महत्त्व केवळ आकारात नाही. उन्हापासून वीज निर्माण करावयाची म्हणजे यंत्रापूर्वी जमिनीचा प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो पावगडने ज्या रीतीने सोडवला, तिच्यात नव्या उद्योगाचे गुण आणि दोष दोन्ही स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

इतकी जमीन का लागते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. कोळसा हे साठवलेले, दाटलेले ऊन आहे. आकाशातून येणारे ऊन विरळ असते. निरभ्र दिवशी भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट इतकी सूर्यशक्ती पडते. सिलिकॉनच्या सौरघटांचे एक पॅनेल साधारण दोन चौरस मीटरांचे असते. म्हणजे त्यावर २,००० वॅट पडतात. पावगडचे काम चालू असताना वापरात असलेली पॅनेले यांपैकी सुमारे ३२० वॅटचीच वीज करीत. उरलेल्या शक्तीची उष्णता होई. १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला, तेव्हा त्याची कार्यक्षमता ६ टक्के होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही प्रगती लहान वाटणार नाही. तरीसुद्धा ३२० वॅटांच्या हिशेबाने २,०५० मेगावॅटसाठी सुमारे ६४ लाख पॅनेले लागतात. ती एकमेकांस चिकटवून जमिनीवर अंथरली, तर तीन हजार एकरांहून थोडी अधिक जागा व्यापतील. मग १३,००० एकर कशाला, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, पॅनेलांच्या दोन रांगांमध्ये एकीची सावली दुसरीवर पडणार नाही एवढे अंतर ठेवावे लागते. शिवाय रस्ते, उपकेंद्रे, उच्च दाबाच्या तारांखालचे पट्टे, ओढे आणि कशालाच हलवता न येणारे खडक यांची जागा वजा करावी लागते.

क्षमता आणि उत्पादन यांतील भेदही येथेच सांगितलेला बरा, कारण वृत्तपत्रांतून या दोहोंची नेहमी गल्लत होते. २,०५० मेगावॅट हा आकडा लख्ख उन्हातील शिखराचा आहे. रात्री उत्पादन शून्य असते, सकाळ-संध्याकाळ थोडे आणि पावसाळ्यात बेताचे. वर्षाची सरासरी काढली, तर भारतात अशा केंद्रांकडून शिखरक्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी वीज मिळते. पाचवा हिस्सा धरला, तरी पावगडचे वार्षिक उत्पादन सुमारे ३६० कोटी युनिटे होते.

डिसेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या सौर उद्यानांची योजना जाहीर केली. ‘उद्यान’ हा शब्द येथे औद्योगिक वसाहतीच्या अर्थाने घ्यावयाचा. जमीन, रस्ते, पाणी आणि वीजवाहिन्या यांची सिद्धता सरकारी संस्थेने करावयाची आणि तयार भूखंडावर कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने केंद्रे उभारून पंचवीस वर्षांच्या कराराने वीज विकावयाची, अशी ही व्यवस्था होती. पावगडसाठी केंद्राचे सौर ऊर्जा महामंडळ आणि कर्नाटकाची अक्षय ऊर्जा संस्था यांनी मिळून मार्च २०१५ मध्ये एक कंपनी स्थापन केली. तिने सर्व क्षेत्र २५० मेगावॅटच्या आठ मोठ्या विभागांत आणि प्रत्येक विभाग ५० मेगावॅटच्या पाच भूखंडांत वाटला. भूखंडांचा लिलाव उलट्या रीतीचा होता. जो कमी दराने वीज देईल त्यास भूखंड. २०१६ साली येथे युनिटमागे सुमारे ४ रुपये ८० पैसे दर आला होता. २०१८ पर्यंत तो ३ रुपयांच्या खाली उतरला. पॅनेलांची, विशेषतः चीनमधून येणाऱ्या पॅनेलांची, किंमत कोसळली, हे याचे मुख्य कारण होय. पण जमिनीची कटकट आपल्या माथी नाही, हा कंपन्यांना मिळालेला दिलासाही त्या दरात मोजला गेला होता.

ही कटकट पावगडमध्ये कशी मिटली? राजस्थानात तेव्हाच्या जोधपूर जिल्ह्यातील भडला येथे २,२४५ मेगावॅटचे उद्यान उभारताना सरकारला थरच्या वाळवंटातील कागदोपत्री पडीक असलेली बरीचशी सरकारी जमीन हाताशी होती. पावगडमध्ये तशी सोय नव्हती. येथील बहुतेक जमीन खाजगी होती आणि हजारो लहानमोठ्या खातेदारांत विभागलेली होती. जुना मार्ग भूसंपादनाचा. सरकारने जमीन घ्यावी, मोबदला द्यावा आणि शेतकऱ्याने पुढील आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात घालवावे, असा या मार्गाचा देशभरचा अनुभव आहे. महाराष्ट्रात धुळे जिल्ह्यातील विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या अपुऱ्या मोबदल्यापायी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्राशन केले आणि त्यातच त्याचा अंत झाला. पावगडच्या पहिल्या टप्प्याचे उद्‌घाटन त्यानंतर महिन्याभराने झाले.

पावगडमध्ये जमीन विकत न घेता भाड्याने घ्यावयाची, असे ठरले. मालकी शेतकऱ्याकडेच राहील. करार अठ्ठावीस वर्षांचा. भाडे एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी त्यात ५ टक्के वाढ. सुमारे २,३०० शेतकऱ्यांनी या अटी मान्य केल्या. दहा एकर कोरडवाहू जमिनीचा जो धनी काल बियाण्यासाठी कर्ज काढीत होता, त्याच्या खात्यात आता पाऊस पडो वा न पडो वर्षाला २ लाख १० हजार रुपये जमा होऊ लागले. काहींनी जुनी कर्जे फेडली, काहींनी घरे बांधली, काहींनी मुले शहरात शिकावयास ठेवली. भूमी न हिरावता उद्योग उभा राहू शकतो, हे या प्रयोगाने दाखवले आणि म्हणूनच इतर राज्यांतील अधिकारी तो पाहावयास येऊ लागले.

परंतु भाड्याचा करार माणसाशी होत नाही, कागदावरील नावाशी होतो. कर्नाटकात सातबाऱ्याच्या जागी ‘पहाणी’ नावाचा उतारा असतो. त्यावर कित्येक ठिकाणी मृत आजोबांचे नाव, वाटण्या तोंडी, बहिणींचा हिस्सा अनिर्णीत आणि शेजाऱ्याशी बांधाचा तंटा, असा प्रकार असतो. सरकारी जमीन वर्षानुवर्षे कसणारे, ज्यांना तेथे ‘बगैरहुकूम’ म्हणतात, त्यांच्याकडे तर पुरावा म्हणून केवळ कसलेले शेतच होते. जमीन नांगरताना ज्या प्रश्नांवाचून चालून गेले होते, ते सारे भाडे ठरताच एकदम उभे राहिले. अभियंत्यांच्या आधी तलाठ्यांचे काम सुरू झाले, असे म्हटले तरी चालेल.

प्रत्यक्ष उभारणीचा आरंभ मोजणीने होतो. जमिनीचे चढउतार, ओढ्यांचे मार्ग आणि मातीखालील खडकाची खोली यांचे नकाशे तयार होतात. ओढे बुजवण्याचा मोह मोठा असतो, कारण सपाट जागा अधिक पॅनेले घेते. पण दहा वर्षांतून एकदा येणारा जोराचा पाऊस बुजवलेला ओढा बरोबर शोधून काढतो आणि खांबांखालची माती घेऊन जातो. त्यानंतर पायाची परीक्षा होते. पॅनेलांचा सांगाडा वजनाने फार हलका असतो; त्याला धोका खचण्याचा नसून वाऱ्याने उपटले जाण्याचा असतो. तिरके धरलेले प्रत्येक पॅनेल हे एक शीडच होय. म्हणून नमुन्याचे खांब रोवून ते वर ओढून पाहतात आणि किती जोराने उपटतात ते नोंदवतात. भुसभुशीत जमिनीत पोलादी खांब यंत्राने ठोकता येतात. पावगडसारख्या ग्रॅनाइटच्या मुलुखात मात्र भोक पाडून, खांब उभा करून, सभोवती काँक्रीट ओतावे लागते. खांबांवर जस्ताचा मुलामा असतो, कारण त्यांना पंचवीस वर्षे उन्हापावसात उभे राहावयाचे असते.

पॅनेलांचे तोंड दक्षिणेकडे ठेवतात. किती तिरके, हे स्थळाच्या अक्षांशावर अवलंबून असते. पावगड सुमारे १४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरातील सर्वांत लहान दिवशीही दुपारचा सूर्य तेथे क्षितिजापासून ५२ अंशांहून अधिक उंच असतो. भडला येथे तो त्या दिवशी ३९ अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे दक्षिणेत पॅनेले कमी कलतात, सावल्या आखूड पडतात आणि रांगा जवळ आणता येतात. काही भूखंडांवर सूर्यामागे पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरणारे सांगाडेही बसवतात. त्यांचे उत्पादन अधिक असते, पण त्यांत फिरणारे भाग आले आणि फिरणारा भाग आला की वंगण, धूळ व दुरुस्ती ओघानेच आली.

एका पॅनेलाचा विद्युत्‌दाब थोडा असतो. म्हणून वीस ते तीस पॅनेले माळेसारखी जोडून तो हजार ते दीड हजार व्होल्टपर्यंत चढवतात. येथे एक धोका आहे व तो नवख्या कामगारास पटकन ध्यानात येत नाही. विजेचे कोणतेही अन्य यंत्र बंद करता येते. पॅनेल मात्र खोक्यातून काढून उन्हात धरताच जिवंत होते. सूर्य बंद करण्याची कळ कोणाजवळ नाही. म्हणून जोडणीचे काम करणाऱ्यास हातमोजे आणि शिस्त या दोहोंची सारखीच गरज असते.

पॅनेलांतून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. घरांत व कारखान्यांत लागणारा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने घेतो. हे रूपांतर इन्व्हर्टर नावाचे यंत्र करते. सौर केंद्रात सर्वांत आधी बिघडणारे यंत्रही बहुधा हेच. तेथून रोहित्रांच्या साहाय्याने दाब पायरीपायरीने चढवून वीज २२० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवर आणि पुढे पॉवर ग्रिड महामंडळाच्या ४०० किलोव्होल्ट उपकेंद्रात पोहोचते. वाहिनी उभारणे हे काम पॅनेले बसवण्यापेक्षा संथ असते. पॅनेलांचा भूखंड वर्षभरात सिद्ध होतो. वाहिनीचे मनोरे मात्र अनेक गावांच्या शेतांतून न्यावयाचे असतात.

केंद्र चालू झाल्यावर त्याला दोन शत्रू उरतात, उष्णता आणि धूळ. ऊन अधिक म्हणजे वीज अधिक, हे अर्धेच खरे आहे. सौरघटाला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. २५ अंश सेल्सियसच्या वर प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, तर सातव्या हिश्श्याइतकी वीज हातची जाते. धुळीवर उपाय म्हणजे धुणे. पण पाणी आणावयाचे कोठून? क्षारयुक्त भूजलाने काच धुतली, तर वाळताना ती पांढरी पडते. म्हणून ते आधी शुद्ध करावे लागते. ज्या गावांना फ्लोराइडमुक्त पेयजलासाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागले, त्यांच्याच शिवारात शुद्ध पाण्याने काचा धुतल्या जाव्यात, यातील विसंगती गावकऱ्यांच्या नजरेतून सुटलेली नाही. राजस्थानात आता कोरड्या ब्रशांची स्वयंचलित यंत्रे रात्री पॅनेलांवरून फिरतात. पाण्याचा प्रश्न त्यामुळे सुटतो आणि धुणाऱ्या मजुराचा रोजगारही त्याबरोबरच जातो.

रोजगाराचा विषय निघालाच आहे, तर भाड्याच्या त्या कराराकडे पुन्हा वळावयास हवे. उभारणीच्या काळात खणणे, वाहणे, सांगाडे जोडणे अशी कामे मुबलक असतात. केंद्र पूर्ण झाले की रखवाली, गवत कापणे आणि धुणे एवढीच कामे उरतात, आणि तीही मोजक्या लोकांना मिळतात. पाच गावांत जमीनदार जेवढे होते, तेवढेच त्या जमिनीवर राबणारे भूमिहीनही होते. यांत दलित कुटुंबे पुष्कळ. पेरणी, निंदणी, काढणी आणि शेंगा तोडणे या कामांवर, विशेषतः स्त्रियांच्या मजुरीवर, त्यांचे घर चाले. पडीक रानांत मेंढपाळांचे कळप चरत. शेत काचेखाली गेले तेव्हा मालकाला भाडे मिळाले. मजुराला काही मिळाले नाही, कारण करारात त्याचे नाव येण्याचे कारणच नव्हते. कुंपणे उभी राहिली आणि चराईची वाट तुटली, तेव्हा कळप कमी करावे लागले. दुष्काळात मालक आणि मजूर दोघेही बंगळूरला जात. नंतर मालकाला गावात राहता येऊ लागले.

हा अन्याय खर्चामुळे अटळ होता काय? हिशेब करून पाहावा. १३,००० एकरांचे मूळ भाडे वर्षाला २७ कोटी ३० लाख रुपये होते. ३६० कोटी युनिटांवर ते वाटले, तर युनिटमागे साडेसात पैसे पडतात. लिलावातील दर ४ रुपये ८० पैशांवरून ३ रुपयांच्या खाली येत असताना, युनिटमागे एक पैसा भूमिहीनांसाठी राखला असता तर वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक रुपये जमले असते.

मालकांनाही एक हिशेब पुढे करावाच लागेल. दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांहून किंचित कमी. रिझर्व्ह बँकेने महागाईसाठी ठरवलेले लक्ष्यच ४ टक्के आहे. करारानुसार सत्ताविसाव्या वर्षी एकरी भाडे सुमारे ३९,६०० रुपये होईल. कागदावर ते जवळजवळ दुप्पट दिसेल. परंतु महागाई वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढत गेली असे धरले, तर त्या रकमेतून आरंभीच्या १४,३०० रुपयांइतक्याच वस्तू मिळतील. म्हणजे भाडे वाढत वाढत दोनतृतीयांश होईल. ज्यांनी सही केली, त्यांपैकी किती जणांना हे कोणी समजावून सांगितले असेल, ही शंका घेण्यास जागा आहे. तरी पावसाच्या जुगारापेक्षा हे बरे, असे म्हणणारे शेतकरी पावगडमध्ये भेटतात आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे सोपे नाही.

विजेच्या बाजूनेही सारे स्थिरस्थावर झालेले नाही. केंद्राला आपल्या उत्पादनाचा अंदाज दिवसाच्या शहाण्णव भागांसाठी, म्हणजे प्रत्येक पंधरा मिनिटांसाठी, आधी कळवावा लागतो. अंदाज फार चुकला तर दंड बसतो. दुपारी वीज ओसंडते. संध्याकाळी बंगळूरचे दिवे लागतात, तेव्हा पावगड मावळलेले असते आणि ती तूट जलविद्युत व कोळसा यांना काही मिनिटांत भरून काढावी लागते. म्हणून अलीकडे सौर केंद्रांना विद्युत्‌घटमालांची, म्हणजे मोठ्या बॅटऱ्यांची, जोड देण्याकडे कल आहे.

करारांची मुदत या शतकाच्या पाचव्या दशकात संपेल. पॅनेले तोवर क्षीण झालेली असतील. ती उतरवून काच, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन निराळे करणे हा स्वतंत्र उद्योग होईल. जमीन मात्र मूळ मालकांच्या वारसांना परत मिळावयाची आहे. उभारणीच्या वेळी शेतांचे बांध मोडले गेले, कित्येक ठिकाणी उंचवटे उतरवले गेले आणि ज्या झाडांवरून हद्द ओळखली जाई ती तोडली गेली. कोणाचे शेत कोठे संपत होते, हे आज तेथे काम करणाऱ्या वृद्ध रखवालदारांना रांगांमधून चालताना सांगता येते. अठ्ठावीस वर्षांनी ते पहाणीच्या उताऱ्यावर आणि मोजणीच्या नकाशावर शोधावे लागेल.